पहाटेचं स्वप्न खरं होतं म्हणे!

तो मेसेज तुमच्यापर्यंतही आला असेल. वर उगवता सूर्य, मध्ये गणपती, खाली लांबलचक मजकूर. पितृपक्षात तर त्याची हमखास एक फेरी होते. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण सार तेच. पहाटे तीन ते सहा या वेळात पडलेलं स्वप्न खरं होतं. प्रत्येक स्वप्नाचा अर्थ ठरलेला आहे: साप दिसला की धनलाभ, दात पडला की घरात मृत्यू, लग्न दिसलं की अशुभ, स्वतःचं मरण दिसलं की आयुष्य वाढतं. लिंकनला स्वतःचा खून आधीच स्वप्नात दिसला होता. बेंझीनची रचना, मूलद्रव्यांची आवर्तसारणी, रामानुजनची सूत्रं, सगळं स्वप्नातूनच आलं. चरकांनी हेच सांगितलंय, फ्रॉइडनेही हेच सिद्ध केलंय, आणि तुकोबांना तर गुरूच स्वप्नात भेटले. मग दोन ‘थक्क करणारी तथ्यं’: स्वप्न फक्त काही सेकंदांचं असतं, आणि स्वप्नात आपल्याला आधी पाहिलेलेच चेहरे दिसतात. शेवटी सूचना: वाईट स्वप्न माणसांना सांगू नका, गाईच्या कानात सांगा.

हा मेसेज पाठवणारी माणसं आपलीच असतात, मावशी, काका, सोसायटीतले जोशीकाका. त्यांच्यावर चिडण्यात अर्थ नाही. शिवाय मजकुरातलं सगळंच खोटं नाही. माहिती बरीचशी खरी आहे, निष्कर्ष भलताच आहे. म्हणून ‘फेक आहे’ असं लिहून मोकळं होण्याऐवजी एकेक मुद्दा घेऊ.

पहिला मुद्दा पहाटेचा, आणि तो सगळ्यात मजेदार, कारण त्यामागचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. पहाटेची स्वप्नं खरोखरच वेगळी असतात. लांब असतात, ठसठशीत असतात, गोष्टीसारखी असतात आणि लक्षात राहतात. आपल्या पूर्वजांनी हे टिपलं ते काही उगाच नाही. कारण मात्र १९५३ साली कळलं. शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की नावाचा विद्यार्थी झोपलेल्या माणसांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवत होता. पैशांची चणचण, यंत्र जुनाट, म्हणून सुरुवातीला त्याने आपल्या आठ वर्षांच्या मुलालाच तारा लावून झोपवलं. रात्री मध्येच कागदावरच्या रेघा अशा नाचायला लागल्या की त्याला वाटलं पोरगं जागं झालं. जाऊन बघतो तर गाढ झोपलेलं, फक्त मिटलेल्या पापण्यांखाली डोळे भराभर फिरतायत. नंतर मोठ्या माणसांना अशा वेळी उठवून विचारलं तर बहुतेक जण सांगू लागले, ‘स्वप्न पडत होतं.’ ॲसेरिन्स्की आणि त्याचे मार्गदर्शक नॅथनिएल क्लाइटमन यांनी ते छापलं आणि झोपेचं आधुनिक शास्त्र सुरू झालं. या झोपेला रेम झोप म्हणतात, रेम म्हणजे ‘रॅपिड आय मूव्हमेंट’, डोळ्यांची जलद हालचाल.

आता पहाटेचं गणित बघा. रात्रीची झोप साधारण नव्वद मिनिटांच्या चक्रांत चालते. पहिल्या चक्रात गाढ झोप भरपूर आणि रेम जेमतेम पाचदहा मिनिटं. रात्र सरते तसतशी गाढ झोप आटते आणि रेमचा वाटा वाढत जातो. शेवटच्या चक्रांत तो अर्ध्या तासावर जातो. म्हणजे अकराला झोपणाऱ्याची स्वप्नं चार ते सहाच्या दरम्यान गर्दी करतात. त्यातच दूधवाल्याची बेल, कुकरची शिट्टी किंवा मोबाइलचा गजर होतो आणि माणूस स्वप्नातून थेट जागा होतो. स्वप्नाची आठवण फार नाजूक असते, मध्ये दुसरी झोप आली की पुसली जाते. मध्यरात्रीचं स्वप्न विसरलं म्हणून ते ‘निष्फळ’, आणि पहाटेचं आठवलं म्हणून ते ‘खरं’, असा हा हिशेब आहे. रात्रपाळी करून सकाळी आठला झोपणाऱ्या नर्सचं ब्राह्ममुहूर्तात काय होतं? तिची लक्षात राहणारी स्वप्नं बरीचशी दुपारी पडतात.

दुसरा मुद्दा: स्वप्नं पुढचं सांगतात. इथे मेसेजचा हुकमी एक्का लिंकन आहे. गोष्ट अशी सांगतात की, आपण व्हाइट हाउसमध्ये रडण्याचे आवाज ऐकतोय, ईस्ट रूममध्ये जातो तर तिथे प्रेत ठेवलंय, पहारेकरी सांगतो ‘अध्यक्षांचा खून झाला’, असं स्वप्न लिंकनने खुनाच्या थोडे दिवस आधी सांगितलं होतं. ही गोष्ट येते त्याचा मित्र वॉर्ड हिल लॅमन याच्याकडून. ती छापून आली लिंकन गेल्यावर वीसएक वर्षांनी. १८६५ सालच्या कुठल्याही कागदावर ती नाही.

पण लिंकनच्या एका स्वप्नाची नोंद मात्र त्याच काळातली आहे, आणि ती मेसेजमध्ये कधीच नसते. नौदलमंत्री गिडिअन वेल्स रोजनिशी लिहीत असे. १४ एप्रिल १८६५ च्या मंत्रिमंडळ बैठकीत लिंकनने सांगितलं की काल रात्री आपल्याला नेहमीचं स्वप्न पडलं. एका जहाजातून आपण वेगाने एका अंधूक किनाऱ्याकडे चाललोय. युद्धातल्या प्रत्येक मोठ्या घडामोडीआधी हे स्वप्न पडतं, तेव्हा आता जनरल शर्मनकडून चांगली बातमी येणार. त्याच रात्री नाटक बघताना त्याला गोळी लागली. ज्याचं स्वप्न त्याने त्याचा अर्थ लावला ‘आनंदाची बातमी’. तो मेला म्हणून आपण आज त्या किनाऱ्याला मृत्यू म्हणतो. शर्मनची बातमी आली असती तर त्यालाच विजय म्हटलं असतं.

स्वप्नं आधी गोळा करायची आणि घटना मागून तपासायची, असं कुणी केलंय का? केलंय. १९३२ च्या मार्चमध्ये विमानवीर चार्ल्स लिंडबर्गचं तान्हं मूल पळवलं गेलं. साऱ्या अमेरिकेला घोर लागला होता. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ हेन्री मरे यांनी वर्तमानपत्रातून आवाहन केलं की या मुलाबद्दल स्वप्न पडलं असेल तर लिहून पाठवा. तेराशेच्या वर स्वप्नं आली. मे महिन्यात मुलाचं प्रेत घराजवळच्या झाडीत, उथळ खड्ड्यात सापडलं. मग पत्रं तपासली. मूल मेलेलं आहे असं सुमारे पाच टक्के स्वप्नांतच होतं. मृत, पुरलेलं आणि झाडांमध्ये, या तिन्ही गोष्टी जुळल्या फक्त ४ स्वप्नांत. तेराशेत चार. आता कल्पना करा, त्या चौघांपैकी एकीची नात आज तुमच्या गटात आहे. ‘माझ्या आजीला आधीच दिसलं होतं’ हे ती शपथेवर सांगेल, आणि खोटं बोलत नसेल. बाकीच्यांच्या नातवंडांकडे सांगायला काहीच नाही.

हाच हिशेब आपल्याकडे लावा. समजा, एका रात्रीचं स्वप्न दुसऱ्या दिवशीच्या घटनेशी अगदी अंगावर काटा येईल इतकं जुळण्याची शक्यता दहा लाखांत एक. देशात १४० कोटी माणसं. माणशी एकच स्वप्न धरलं तरी रोज सकाळी चौदाशे लोकांच्या अंगावर काटा यायला हवा. त्यात आई मुलाबद्दल जी स्वप्नं बघते ती कुठल्याही विषयावरची नसतात. मुलगा पुण्यात बाइक चालवतो, हेल्मेट घालत नाही, फोन उचलत नाही. तिला अपघाताचं स्वप्न कितीदा पडत असेल? आणि पुण्यातले रस्ते बघता एखादा अपघात कधीतरी होणारच. ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ हे आपल्याच आज्यांनी सांगून ठेवलंय. मेसेजपेक्षा ती म्हण कितीतरी शहाणी आहे.

ज्यांना तरीही खात्री आहे त्यांच्यासाठी सोपा उपाय. उठल्या उठल्या स्वप्न व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवायचं. तारीख-वेळ आपोआप पडते. कुठे, कुणाचं, काय होणार, कधीपर्यंत, हे त्यातच लिहायचं. नंतर दुरुस्ती नाही. वर्षाने बसून मोजायचं, आणि न जुळलेलीही मोजायची.

स्वप्नाचा शब्द प्रमाण मानला की काय होतं याचा मोठा प्रयोग सरकारी खर्चाने झालेला आहे. उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यात डौंडिया खेडा नावाचं गाव आहे. १८५७ च्या उठावात फाशी गेलेल्या राजा राव रामबक्ष सिंह यांच्या किल्ल्याचे तिथे अवशेष आहेत. शोभन सरकार नावाच्या साधूला स्वप्नात राजा दिसला आणि किल्ल्याखाली १,००० टन सोनं पुरलंय असं कळलं. बरं, १,००० टन म्हणजे किती? त्या वेळी रिझर्व्ह बँकेकडचं सोनं साडेपाचशे टनांच्या आसपास होतं. पत्रं वर गेली, एका केंद्रीय मंत्र्याने लक्ष घातलं आणि १८ ऑक्टोबर २०१३ ला भारतीय पुरातत्त्व खात्याने खोदायला सुरुवात केली. आपण भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अहवालावरून खोदतोय, स्वप्नावरून नाही, असं खातं सांगत राहिलं. ते कुणी ऐकलं नाही. वाहिन्यांच्या गाड्या आल्या, बंदोबस्त लागला, किल्ल्याबाहेर चहा-भज्यांची दुकानं लागली. सोन्यातला वाटा कुणाचा यावर आधीच भांडणं झाली. निघालं काय, तर खापरं, विटा, जुन्या वस्तीच्या खुणा. पुरातत्त्वाच्या दृष्टीने ते निरुपयोगी नव्हतं, पण बघायला आलेली गर्दी खापरांसाठी आली नव्हती. महिन्याभरात काम थांबलं.

हे हसण्यावारी नेता येतं, कारण तिथे फक्त माती खणली गेली. गुप्तधनापायी याहून भयंकर प्रकार झाले आहेत. महाराष्ट्राच्या २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अमानुष कृत्यांचा वेगळा उल्लेख करावा लागला, तो हौसेने केलेला नाही.

तिसरा मुद्दा, ठरलेले अर्थ. साप म्हणजे पैसा, दात म्हणजे मृत्यू. हे तक्ते ‘शास्त्रात’ आहेत, आणि फ्रॉइडनेही मान्य केलेत म्हणे.

फ्रॉइडचं स्वप्नांवरचं पुस्तक १८९९ च्या शेवटी छापून आलं. पहिल्या आवृत्तीच्या सहाशे प्रती खपायला आठ वर्षं लागली. त्याने त्यात तक्त्यांची पद्धत सुरुवातीलाच बाजूला ठेवली. त्याचं म्हणणं, स्वप्न बघणाऱ्याला त्या त्या तुकड्यावरून काय आठवतं ते विचारल्याशिवाय अर्थ लावताच येत नाही. नंतरच्या आवृत्त्यांत त्याने प्रतीकांची भर घातली हे खरं, पण ‘साप दिसला, पैसे येणार’ असलं काही त्याच्या गावीही नव्हतं. त्याच्या लेखी स्वप्न मागे बघतं, पुढे नाही. प्रत्येक स्वप्न ही इच्छापूर्तीच असते हा त्याचा मूळ दावाही टिकला नाही. पहिल्या महायुद्धातून परतलेले सैनिक रात्रीमागून रात्री तोच तोफगोळा फुटताना बघत होते. त्यात कसली इच्छापूर्ती? १९२० मध्ये फ्रॉइडला स्वतःलाच हा अपवाद मान्य करावा लागला.

त्याही आधीचा, दुसऱ्या शतकातला ग्रीक स्वप्नज्योतिषी आर्टेमिडोरस घ्या. तो धंद्याने भविष्यवालाच होता. पण तोही सांगतो की आधी माणसाचा व्यवसाय, ऐपत, वय, तब्येत विचारा, एकच स्वप्न गरिबाला एक सांगतं आणि श्रीमंताला दुसरं. म्हणजे अठराशे वर्षांपूर्वीचा व्यावसायिकसुद्धा आजच्या फॉरवर्डपेक्षा जबाबदार होता.

आणि चरक. मेसेजवाल्यांनी चरकसंहिता उघडली असती तर नाव घेतलं नसतं. इंद्रियस्थानाच्या पाचव्या अध्यायात स्वप्नांचे सात प्रकार दिलेत: दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, हवंसं वाटलेलं, कल्पनेतलं. ही पहिली पाच वैद्याने अफल समजावीत, म्हणजे त्यांना फळ नाही, असं चरक तिथेच सांगतात. दिवसा पडलेलं, अगदी छोटं आणि अगदी लांबलेलं स्वप्नही त्यांनी मोडीत काढलंय. उरली दोन. दोषज म्हणजे शरीरातल्या दोषांमुळे पडणारं. भाविक म्हणजे पुढचं सुचवणारं. हा प्रकार त्यांनी ठेवलाय, ते लपवायचं कारण नाही. पहाटेच्या स्वप्नाला वजन देणारा विचारही तिथे आहे. पण हा अध्याय कशासाठी आहे? रुग्ण वाचेल की नाही याची लक्षणं वैद्याला कळावीत म्हणून. धडधाकट माणसाला लॉटरी कधी लागेल हे सांगण्यासाठी नाही. सातातली पाच बाद करणारा ग्रंथ ‘प्रत्येक स्वप्नाला अर्थ असतोच’ याच्या पुराव्यादाखल द्यायचा, याला धाडस लागतं.

दाताचं म्हणाल, तर त्यावर २०१८ मध्ये इस्राएलमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दात पडण्याच्या स्वप्नांचा संबंध मानसिक त्रासाशी फारसा दिसला नाही. उठल्यावर दात, हिरड्या, जबडा आवळल्यासारखा वाटतो का, याच्याशी दिसला. असं स्वप्न वारंवार पडत असेल तर आधी दंतवैद्याला विचारा, झोपेत दात खाता का ते. घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडे संशयाने बघू नका.

चौथा मुद्दा शास्त्रज्ञांचा. यातली निम्मी उदाहरणं खरी आहेत, म्हणूनच ती नीट सांगायला हवीत.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ केकुले शेकोटीपाशी खुर्चीत पेंगत होता, डोळ्यांसमोर अणूंच्या साखळ्या सापासारख्या वळवळत होत्या, एका सापाने स्वतःचीच शेपटी तोंडात धरली, आणि बेंझीनच्या वलयाची कल्पना सुचली. हे त्याने स्वतः सांगितलं, पण १८६५ च्या शोधनिबंधात नव्हे, पंचवीस वर्षांनी बर्लिनमधल्या सत्काराच्या भाषणात. तिथे तो म्हणाला की सभ्य गृहस्थहो, स्वप्न बघायला शिकू या. एवढंच वाक्य जगभर फिरतं. पुढे तो म्हणाला होता की जागेपणीच्या बुद्धीने पारखल्याशिवाय मात्र आपली स्वप्नं प्रसिद्ध करू नयेत. हे पुढचं वाक्य छाटलं की मेसेज तयार होतो.

आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्हचं स्वप्न कच्चं आहे. गोष्ट मित्राच्या सांगण्यावरून आली, त्याच्या स्वतःच्या लिखाणात ती सापडत नाही. उलट, ‘मी यावर वीसेक वर्षं डोकं घालतोय आणि लोकांना वाटतं बसल्या बसल्या सुचलं’ अशा अर्थाचं तो बोलल्याचं सांगतात. रामानुजन नामक्कलच्या नामगिरी देवीला श्रेय देत, स्वप्नात सूत्रं दिसतात म्हणत, हे खरं आहे, आणि त्यांच्या श्रद्धेवर टीका करायचं मला काही कारण दिसत नाही. फक्त एवढं आठवा की कागद परवडत नसे म्हणून ते पाटीवर गणितं करत आणि कोपराने पुसत. हजारो सूत्रं भरलेलं एक जाडजूड पुस्तक त्यांनी पोरवयातच पचवलं होतं. नामगिरी तुमच्या-माझ्या स्वप्नात येऊन सूत्र दाखवेल तर आपल्याला ते सूत्र आहे हेही कळणार नाही.

मला यातलं सगळ्यात आवडतं उदाहरण मेसेजमध्ये नसतंच. ऑस्ट्रियातल्या ग्राझमधला शास्त्रज्ञ ऑटो लोवी. नस हृदयाला जो निरोप देते तो विजेने की रसायनाने, हा त्या काळचा वाद. ईस्टरच्या दिवसांत एका रात्री लोवी दचकून उठला, चिटोऱ्यावर काहीतरी खरडलं आणि परत झोपला. सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. दिवसभर डोकं आपटलं, व्यर्थ. दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास तेच पुन्हा सुचलं. या वेळी तो झोपलाच नाही, सरळ प्रयोगशाळेत गेला. बेडकांची दोन हृदयं घेतली. एकाची नस उत्तेजित केली, ते मंदावलं. त्याच्याभोवतीचं द्रावण दुसऱ्या हृदयावर घातलं, तेही मंदावलं. निरोप रसायनाने जातो. १९३६ मध्ये त्याला नोबेल मिळालं, हेन्री डेल यांच्यासोबत. पण ही कल्पना त्याच्या डोक्यात १९०३ पासून होती, तेव्हा त्याने ती एका सहकाऱ्याला बोलूनही दाखवली होती. प्रयोग कसा करायचा हे अडलेलं. ते अडलेलं झोपेत सुटलं.

झोपेत मेंदू असं काय करतो, याचा थोडा माग लागलाय. उंदीर दिवसा ज्या वाटेने पळाला त्या वाटेच्या पेशी झोपेतही त्याच क्रमाने उजळतात. २००० साली हार्वर्डमध्ये रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी काही लोकांना टेट्रिस खेळायला लावलं. त्यात पाच जण मेंदूच्या इजेमुळे नवं काहीच लक्षात ठेवू न शकणारे होते. रोज त्यांना खेळ नव्याने शिकवावा लागे. तरी त्यातल्या तिघांना डोळा लागता लागता वरून ठोकळे पडताना दिसले. आपण असला खेळ खेळलो हे त्यांना आठवतही नव्हतं! दिवसाचा माल रात्री आत कुठेतरी हलवला जातो, लावला जातो, जुन्याशी जोडून बघितला जातो. क्वचित एखादा जोड असा बसतो की नोबेल मिळतं. बहुतेक वेळा शाळेतल्या बाई ऑफिसच्या लिफ्टमध्ये भेटतात.

दोन ‘तथ्यं’ झटपट. स्वप्न काही सेकंदांचंच असतं, ही समजूत एकोणिसाव्या शतकातल्या आल्फ्रेड मोरी या फ्रेंच गृहस्थाच्या किश्श्यावर पोसली गेली. पलंगाची दांडी मानेवर पडली आणि तेवढ्यात त्याने खटला, गर्दी, गिलोटीनसकट अख्खी फ्रेंच राज्यक्रांती पाहिली म्हणे. १९५७ मध्ये क्लाइटमन आणि विल्यम डिमेंट यांनी माणसांना रेम सुरू झाल्यावर पाच किंवा पंधरा मिनिटांनी उठवून विचारलं, स्वप्न किती वेळ चाललं? बहुतेकांनी बरोबर ओळखलं. म्हणजे मिनिटांचं स्वप्न मिनिटांचंच असतं. ‘पाहिलेलेच चेहरे दिसतात’ हे तर तपासणार कसं? तुम्ही जन्मात पाहिलेल्या सगळ्या चेहऱ्यांची यादी कुणाकडे आहे?

राहिले तुकोबा. या मुद्द्यावर मी मेसेजशी भांडणार नाही, फक्त अभंग पूर्ण वाचा म्हणेन. गुरूंनी स्वप्नात डोक्यावर हात ठेवला, आपलं नाव बाबाजी सांगितलं, ‘राम कृष्ण हरि’ मंत्र दिला. आणि मध्येच एक ओळ येते: ‘भोजना मागती तूप पावशेर । पडिला विसर स्वप्नामाजी’. गुरूंनी पावशेर तूप मागितलं आणि ते द्यायचं राहून गेलं, त्याची रुखरुख! खरं स्वप्न असंच असतं. मंत्रदीक्षेच्या शेजारी तूप, आणि ऐन वेळी झालेला विसर. बनवून सांगणाऱ्याने ते तूप वगळलं असतं. दुसऱ्या अभंगात नामदेव पांडुरंगाला घेऊन स्वप्नात येतात आणि कवित्व करायला सांगतात. पुढे संत बहिणाबाई तुकोबांनाच स्वप्नात गुरू करतात, आणि त्या ब्राह्मण घरातली बाई शूद्र गुरूचं नाव उघड घेण्याचं बळ त्यातून मिळवते.

या तिन्ही स्वप्नांत भविष्य कुठे आहे? कुणी धनलाभ सांगितला नाही, कुणाच्या मरणाची तारीख दिली नाही. मनात आधीपासून जे घोळत होतं त्याला स्वप्नाने तोंड फोडलं आणि माणसं उठून कामाला लागली. आयुष्यात स्वप्नाला जागा आहे ती अशी, आणि ती छोटी नाही. शिकागोच्या रोझलिंड कार्टराइट यांनी घटस्फोटातून जाणाऱ्या खचलेल्या माणसांची स्वप्नं वर्षानुवर्षं तपासली. ज्यांच्या स्वप्नांत तो सोडून गेलेला जोडीदार येत होता, भावनांसकट येत होता, ती माणसं पुढे बरी सावरली. माझी आजी जाऊन बरीच वर्षं झाली, स्वप्नात ती अजून ओसरीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेली असते आणि मला म्हणते, ‘उजेडातून बाजूला हो.’ मेसेजप्रमाणे तिचं काहीतरी राहिलंय आणि मी कुठलीतरी शांत करायला हवी. मला तर ती आलेली आवडते.

शेवटची सूचना: वाईट स्वप्न कुणाला सांगू नका. सगळ्या मेसेजमध्ये खरोखर नुकसान करणारं वाक्य हेच. एखादं वाईट स्वप्न कुणालाही पडतं, ते सोडून द्यावं. पण अत्याचार, अपघात, पूर, युद्ध यांतून गेलेल्या माणसाला तेच दुःस्वप्न आठवड्यातून चार वेळा पडतं आणि तो झोपायलाच घाबरतो, तेव्हा ‘बोलू नकोस, खरं होईल’ हा सल्ला क्रूर आहे. यावर साधा उपचार आहे. दिवसाउजेडी ते स्वप्न कागदावर लिहायचं, त्याचा शेवट आपल्याला हवा तसा बदलायचा आणि बदललेलं स्वप्न रोज थोडा वेळ डोळ्यांसमोर आणायचं. लैंगिक अत्याचारातून गेलेल्या स्त्रियांवर झालेल्या, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याने दुःस्वप्नं आणि त्रास दोन्ही घटले. हे मानसोपचारतज्ज्ञाच्या सोबतीने करावं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही भयानक स्वप्नं पडू शकतात. नवी गोळी आणि नवी स्वप्नं एकदमच सुरू झाली असतील तर डॉक्टरांना सांगा, गोळी मात्र मनाने बंद करू नका.

आणि पुढचं सांगणारं स्वप्न हवंच असेल तर एक प्रकार आहे. रेम झोपेत आपले हातपाय शरीराने बंद करून ठेवलेले असतात, म्हणून स्वप्नात धावलो तरी आपण गादीवरच असतो. काहींची ही कडी निसटते. माणूस झोपेत लाथा झाडतो, ओरडतो, शेजारी झोपलेल्या बायकोला ठोसा बसतो, कधी पलंगावरून पडतो. उठवलं की सांगतो, कुत्रं मागे लागलं होतं. पन्नाशीपुढच्या पुरुषांत हे जास्त दिसतं. मिनेसोटातल्या डॉक्टरांनी १९८६ मध्ये या विकाराचं नीट वर्णन केलं, आणि पुढे लक्षात आलं की यातल्या अनेकांना काही वर्षांनी पार्किन्सन किंवा त्याच जातीचा मेंदूचा आजार होतो. स्वप्नात कुत्रं होतं की वाघ, याने काही फरक पडत नाही. हात हलला का, एवढंच बघायचं. घरात असं कुणी असेल तर न्यूरॉलॉजिस्टकडे न्या, तोपर्यंत पलंगाजवळचं काचेचं टेबल हलवा, आणि दवाखान्यात जाताना शेजारी झोपणाऱ्या माणसाला सोबत घ्या. रात्री काय झालं ते त्यालाच धड माहीत असतं.